कात्रपच्या घरचं दुखणं

वेणूच्या दुखण्याचा तिसरा दिवस उजाडला, तेव्हा कात्रपच्या भोईरांच्या घरात कुणी मोठ्यानं बोलेनासं झालं होतं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी भरपूर बोलून घेतलं होतं. कुणी म्हणालं वायगोळा, कुणी म्हणालं शिळं बाधलं, आणि शेजारच्या दोघीतिघींनी तर सून गरोदर असल्याचीच कुजबुज सुरू केली. दुसऱ्या दिवशी कळ कमरेतून उठून जांघेत उतरायला लागली, वेणू माजघराच्या जमिनीवर गडबडा लोळली, आणि गोदूआक्कांनी तिच्या पाठीवर हात ठेवून सांगून टाकलं, की हे आपल्या घरचं दुखणं आहे. 

घरचं दुखणं म्हणजे काय, हे त्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नसे. गोदूआक्का आणि महिपती या भावंडांची आजी त्यानं गेली होती, आईही त्यानंच गेली. मुतखडा हे त्याचं नाव लहान पोरांनाही ठाऊक होतं. पण बाईच्या दुखण्याला ते नाव लावायची लाज, म्हणून घरचं दुखणं. ते घरातल्या बायकांनाच होतं, पुरुषांना होत नाही, हेही सगळ्यांच्या ध्यानात आलेलं होतं. त्याचा अर्थ मात्र एकच लावलेला होता, की मागच्या कुणीतरी गावदेवीचं काही द्यायचं ठेवलं आहे आणि देवी ते बायकांच्या जिवावर फेडून घेते आहे.

विठा वेणूच्या उशाशी बसून होती. वेणू तिची एकुलती एक सून, एकोणीस वर्षांची, वांगणीच्या शेतकऱ्याची मुलगी, घरात येऊन पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. काल दुपारपासून तिच्या अंगात ताप भरला होता. ओठांवर पापुद्रे आले होते. ती मधूनच डोळे उघडून म्हणे, "आत्याबाय, घोटभर पानी," आणि विठा ओला फडका तिच्या ओठांवरून फिरवी. त्यापलीकडे पाणी द्यायचं नाही, असा गोदूआक्कांचा हुकूम होता.

गोदूआक्का महिपतीच्या थोरल्या बहीण. विसाव्या वर्षी कपाळ पांढरं करून माहेरी आल्या आणि तेव्हापासून चुलीपासून खळ्यापर्यंत त्यांचाच शब्द चालत आला. कुळथाचं कढण त्यांनीच रटरटून वेणूला पाजलं होतं, दोनदा. पण त्यांनी पाणी तोडलं, ते शेतकऱ्याच्या हिशेबानं. भाताच्या खाचरात पाट तुंबला की आधी वरचं पाणी तोडायचं, नाही तर बांध फुटतो, हे त्यांना परकराच्या वयापासून ठाऊक. पोटात खडा अडकला म्हणजे पाटच तुंबला, मग वरून आणखी पाणी ओतून बांध फोडायचा का, असं त्या म्हणाल्या आणि महिपतीनं मान हलवली. विठालाही त्या वेळी ते पटल्यासारखं झालं. खरं तर पटलं नव्हतं, पण पटल्यासारखं करून घ्यायची तिला पस्तीस वर्षांची सवय होती.

सकाळी दहाच्या सुमाराला रस्त्यावर लॉरी थांबली आणि जयदेव डॉक्टरांना घेऊन आला. जयदेव हा विठाचा मुलगा, वेणूचा नवरा. निर्वासितांच्या कॅम्पात एका सिंधी शेठच्या कापडाच्या दुकानात तो गठ्ठे बांधायचं काम करी. सरकारनं त्या कॅम्पाला उल्हासनगर म्हणायला लागून तीनचार वर्षं झाली होती, पण कात्रपला अजून तो कॅम्पच होता. लॉरी शेठचीच. माल भरलेलाच होता, दुपारी ती मुंबईला जायची होती. डॉक्टर लीलाराम सिंधमधून आलेले, कॅम्पातल्या बराकीत दवाखाना चालवणारे, पन्नाशीचे, थकलेल्या चेहऱ्याचे गृहस्थ होते. बापाला न विचारता जयदेवनं परका माणूस घरात आणला, ही त्या घरातली पहिलीच वेळ. महिपतीनं त्यांना घोंगडी पसरून दिली, पण पोराकडे पाहिलं नाही.

डॉक्टरांनी माजघरात येऊन वेणूची नाडी पाहिली, पापणी ओढून पाहिली, मग तिला कुशीवर वळवून पाठीवर, शेवटच्या फासळीखाली मुठीनं हलकेच ठोकलं. वेणू अशी किंचाळली की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. डॉक्टरांनी एक सुई दिली आणि ते बाहेर ओटीवर जाऊन बसले. विठा दाराच्या चौकटीशी उभी राहिली, पदर पुढे ओढून.

ओटीवर महिपती होता, अंबरनाथहून आलेला धाकटा दीर बाळाजी होता, जयदेव होता. गोदूआक्का खांबाला टेकून बसल्या होत्या. डॉक्टरांनी जयदेवला हिंदीत विचारलं, मुलगी दिवसाला पाणी किती पिते? जयदेवनं ते मराठीत सांगितलं. मग डॉक्टरांनी विचारलं, लघवीला किती वेळा जाते? जयदेवनं तोंड उघडलं आणि मिटलं. सासरा समोर, चुलत सासरा समोर, त्यांच्या देखत सुनेचं हे कसं विचारायचं? तो जमिनीकडे बघत राहिला. पण एवढी हिंदी त्या ओटीवर सगळ्यांनाच कळत होती.

महिपती चौकटीकडे वळून म्हणाला, "सांग त्यांना."

विठाला उत्तर ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला नसेल इतकं नेमकं ठाऊक होतं. ते तिच्या घशापर्यंत आलं, आणि तिला चार पुरुषांचे पाय दिसले, नवऱ्याचे, दिराचे, मुलाचे आणि परक्याचे.

"पिते," ती म्हणाली. "लागंल तवा पिते. घरात पान्याचा काय तोटा हाय?"

डॉक्टरांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग ते उठले, परसात गेले आणि अंघोळीचं पाणी तापवायच्या हंड्यात हात घालून नखानं आतला पांढरा थर खरवडून आणला. तो महिपतीच्या तळहातावर ठेवून ते सांगू लागले, आणि जयदेव सांगत गेला. पाणी आटतं, त्यातला क्षार खाली बसतो. पाणी भरपूर असेल तर क्षार वाहून जातो, थोडं असेल तर तो बसत जातो, थरावर थर. माणसाच्या पोटात दोन बाजूंना दोन मूत्रपिंडं असतात, तिथंही हेच होतं. उन्हात राबणारं, घाम गाळणारं माणूस पाणी कमी प्यायलं की लघवी दाट होते आणि खडा धरतो. बारीक असला तर पाणी पीत राहिल्यानं बहुतेक वेळा आपोआप पडून जातो. या मुलीचा अडकला आहे, त्याच्या वर पू झाला आहे, आणि तिचं पाणी तोडून तुम्ही तिला आणखी सुकवलं आहे. आता नुसत्या पाण्यानं भागणार नाही. आज मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेऊन शस्त्रक्रिया केली तर ती जगेल. उद्यावर टाकलंत तर मी काही सांगू शकत नाही. एवढं बोलून ते लॉरीत जाऊन बसले. बारापर्यंत लॉरी थांबेल, म्हणाले.

मग भोईरांची बैठक बसली. असल्या बैठका त्या घरानं पुष्कळ पाहिल्या होत्या, जमिनीच्या, सोयरिकीच्या. त्यात माणसं कुठे बसणार हे आधीपासून ठरलेलं असे. महिपती आणि गोदूआक्का एका बाजूला, बाळाजी दुसऱ्या, आणि विठा चौकटीत, कुणाच्याच बाजूला नाही.

महिपती दुष्ट नव्हता, हे सांगितलं पाहिजे. सुनेसाठी काल तो अनवाणी गावदेवीला जाऊन आला होता. पण त्याला बाईमाणसाच्या पोटावर सुरी चालवायची कल्पनाच सहन होत नव्हती, आणि डॉक्टरच्या बोलण्यात त्याला एक भोक सापडलं होतं. डॉक्टर म्हणतो पाणी कमी पडलं म्हणून खडा झाला. पोर तर पाणी पिते, तिची सासू आत्ता म्हणाली. म्हणजे डॉक्टरला मूळच कळलेलं नाही, आणि मूळ न कळलेला माणूस कापाकापीला निघाला आहे. त्यापेक्षा देवीला कौल लावावा, जे राहिलं असेल ते द्यावं. गोदूआक्का म्हणाल्या, आजीपासून चालत आलेलं आहे हे, सुईनं जाणार नाही.

बाळाजीला राहवलं नाही. तो अंबरनाथच्या कारखान्यात दहा वर्षं नोकरीला होता, दोन वेळा संपात बसला होता आणि थोरल्या भावासमोर आवाज चढवायला तिथंच शिकला होता. कारखान्यातल्या एका सोबत्याचा असाच खडा मुंबईला काढला, तो आज कामावर आहे, असं त्यानं सांगितलं. महिपती म्हणाला, तो पुरुष होता. बाळाजी म्हणाला, आय गेली तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो, चार दिवस तिचं ओरडणं ऐकलंय, तेव्हाही तुम्ही कौलच लावत होता.

ते लागलं. महिपतीचा चेहरा आवळला. "तू घर सोडून गेलास," तो म्हणाला, "आता घरात बोलू नको." बाळाजी उठून अंगणात गेला. जयदेव दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. बायको आत मरणाच्या दारात आणि हा सव्वीस वर्षांचा बाप्या बापाच्या होकाराची वाट बघत होता. त्याला हसण्यात अर्थ नाही. त्या घरात सगळेच तसे वाढलेले होते.

विठा आत आली. वेणूची नजर तिच्याकडे लागलेली होती. भिंत पातळ, बाहेरचा शब्दन्‌शब्द आत ऐकू येत होता. विठा काय बोलली, तेही आलं असणार. पण पोर नुसती बघत राहिली. तिच्या त्या बघण्यात राग असता तर विठाला बरं वाटलं असतं. सासू म्हणते आहे तेच खरं असेल, असा विश्वास होता तिथं.

लग्न होऊन ही पोर आली त्याच्या दुसऱ्याच सकाळी विठानं तिला परसात नेऊन सांगितलं होतं. सकाळचा चहा झाला की दुपारच्या जेवणापर्यंत पाणी प्यायचं नाही. जेवणावर एक लोटा, मग दिवेलागणीपर्यंत नाही. पहाटे अंधारात एकदा आणि रात्री अंधारात एकदा ओढ्याकडे जायचं, मधे कधी नाही. घरामागं करवंदीची दाट जाळी होती तोवर अडल्यानडल्या बाईला दिवसाही आडोसा मिळे. पण कॅम्प वसला, तिथल्या चुलींना लाकूड पुरेना, आणि महिपतीनं ती जाळी वखारवाल्याला तोडायला दिली. दोन दिवसांत पार ओढ्यापर्यंत रान उघडं पडलं. रस्त्यावरून सायकली, लॉऱ्या, कारखान्याचे लोक. त्या तोडीबद्दल घरातल्या पुरुषांनी बायकांना विचारलं नाही आणि बायकांनी सांगितलं नाही. नव्या सुनेला विठानं एवढंच सांगितलं, की सवय होते. आणि वेणूला सवय झाली. वैशाखात दिवसभर ती खाचरात पालापाचोळ्याचा राब भाजायला, शेण वाहायला उन्हात असे आणि एका लोट्यावर दिवस काढी. सून गुणाची आहे, असं विठा चार बायकांत सांगत असे.

तिला स्वतःचा भयंकर संताप आला. ती उठली, माठातून लोटा भरून आणला, वेणूची मान उचलून तो तिच्या ओठांना लावला आणि घोटाघोटानं पाजला. मग तोच रिकामा लोटा हातात घेऊन ती ओटीवर आली. चौकटीत थांबली नाही. पुरुष बसले होते तिथवर आली आणि उभी राहिली.

"मी लबाड बोलले," ती म्हणाली. "ती पानी नाय पीत."

महिपती म्हणाला, आत जा. ती गेली नाही.

"सकाळच्या चा'वर दुपारपातुर ऱ्हाते नि दुपारच्या लोट्यावर रातपातुर. मीच शिकवलंय तिला. मना सासूनं शिकवला, सासूला तिच्या सासूनं. पानी पिला का बाहेर जावा लागतो, नि दिवसाउजेडी आमी जायाचा कुठं? तुमाला रान मोकळा हाय. आमाला अंधार पडावा लागतो."

 अंगणातून बाळाजी पायरीपर्यंत आला होता. विठा आता थांबणार नव्हती.

"मनाही झाला होता ह्यो खडा. जयदेव रांगत होता तवा. तुमी भाताच्या झोडणीला होता, तुमाला सांगला पोटात वारा धरलाय. वाडीवरची ठमी मोळी घेऊन यायची, तिला एकलीला सांगला. ती म्हनली, बाय, लाज सोड नि पानी पी, दिवसभर पी. मी लाज नाय सोडली. रातचा उठून चोरून पीत होते, तांब्यावर तांब्या. म्हैन्यानं पडला. तुरीच्या डाळीएवढा होता. मी तो वड्यात फेकला नि तोंड मिटला. कशानं होतो नि कशानं जातो ते मना तवापासून ठाव हाय. तरी पन पोरीला त्याच वाटंनं चालवली मी."

महिपती हातातल्या पांढऱ्या खपलीकडे बघत होता. ती त्यानं अजून टाकली नव्हती. "मग देवी?" त्यानं विचारलं. हे त्यानं वाद घालायला विचारलं नव्हतं. खरोखरच त्याला कळत नव्हतं.

"देवीचा मना ठाव नाय," विठा म्हणाली. "पान्याचा ठाव हाय."

तेव्हा गोदूआक्का उठल्या आणि कुणाकडे न बघता आत निघून गेल्या. सगळ्यांना वाटलं, रागावल्या. महिपतीनं एकदा त्यांच्या पाठीकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. मग म्हणाला, "उचला तिला. घोंगडी घ्या खाली."

कापडाच्या गठ्ठ्यांवर घोंगडी अंथरून वेणूला मुंबईला नेलं. विठा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तिचे ओठ ओले करत होती. ओटीवर विठा काय बोलली, ते जयदेवनं वाटेत डॉक्टरांना सांगितलं. कॅम्पापाशी ते उतरले. त्यांनी इस्पितळासाठी चिठ्ठी लिहून दिली आणि विठाला हात जोडले. एवढ्या मोठ्या माणसानं आपल्याला का हात जोडले, हे तिला कळलं नाही.

इस्पितळात आधी पोटाचा फोटो काढला. संध्याकाळी जयदेवनं कागदावर सही केली आणि वेणूला आत नेलं. डाव्या बाजूचं मूत्रपिंड वाचवण्यासारखं राहिलेलं नव्हतं, ते खड्यासकट काढावं लागलं. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी विठाला आणि जयदेवला बोलावून सांगितलं, की एकावरही माणूस पुरतं आयुष्य काढतो, पण त्या एकाला जपलं पाहिजे. तहान लागायची वाट बघायची नाही. लघवी पाण्यासारखी स्वच्छ होईल इतकं पाणी रोज, उन्हाळ्यात त्याहून जास्त, आणि लागली की जायचं, दाबून ठेवायचं नाही. विठानं ते मनाशी तीन वेळा म्हटलं. हे सांगायला इतका शिकलेला माणूस लागावा याचं तिला वाईट वाटलं. हेच ठमीनं मोळी उतरवता उतरवता सांगितलं होतं.

सात दिवस वेणूला ताप येत राहिला. आठव्या दिवशी उतरला. अकराव्या दिवशी दुपारी ती उशीला टेकून बसली, विठानं दिलेली पेज तिनं सगळी खाल्ली, आणि भांडं खाली ठेवायच्या आधी विचारलं, "आत्याबाय, तुमाला ठाव होता?"

विठाला पुष्कळ सांगता आलं असतं. सासूचं सांगता आलं असतं, गोदूआक्कांचं, गावाचं. "ठाव होता," ती म्हणाली. "मना लाज वाटली."

वेणूनं भिंतीकडे तोंड फिरवलं.  विठा बाकड्यावर बसून रडली. आपण रडतो आहोत हे कुणी पाहतंय की नाही, याची तिनं त्या दिवशी फिकीर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वेणू शांतपणे बोलली. तिनं ते रात्रभर ठरवलेलं दिसत होतं.

"मी घरी येईन," ती म्हणाली. "पन परसात आडोसा बांधा आधी, दार लावून बसता येईल असा. हितं दवाखान्यात झाडलोट करनाऱ्या बाईला पन दार हाय. तसा नसंल तर मी वांगनीला जाईन, माझ्या बापाकडं. तुमच्यावर रागावून नाय. मना आता एकच मूत्रपिंड हाय."

विठा जयदेवला तिच्यापाशी ठेवून कात्रपला परतली. रविवार होता, त्यामुळे बाळाजीही आलेला होता. तो आणि महिपती ओटीवर बसले होते, एकमेकांशी न बोलता पण एकाच घोंगडीवर. बाजूला गोदूआक्का विळीवर चिंच फोडत होत्या. विठा आली तरी त्यांनी मान वर केली नाही. विठानं सुनेची तब्येत सांगितली आणि त्याच दमात सुनेची अटही सांगितली.

महिपतीला ती ऐकूनच कसंतरी झालं. घराच्या आवारात संडास, तुळस आहे, देवघर आहे, त्याच आवारात? साऱ्या कात्रपमध्ये कुणाकडे आहे? स्टेशनमास्तरच्या बंगल्यात असेल, पण तो सरकारी माणूस. लोक हसतील, म्हणाला. येणारा जाणारा बोट दाखवील, की हे भोईर, घरात हागतात.

"हसू दे," विठा म्हणाली. "तुमच्या आयला जाळली तवा कोनी हसला नव्हता."

बाळाजी सावकाश म्हणाला, की कारखान्यात बायकांना वेगळी जागा आहे, कायद्यानंच ठेवावी लागते, त्यात कुणाचा देव बाटलेला नाही. खड्डा खणायचा, वर फळ्या टाकायच्या, चारी बाजूंनी कुडाच्या भिंती उभ्या करायच्या, भरला की माती लोटून शेजारी दुसरा खणायचा. दर रविवारी मी येईन. महिपतीनं या खेपेला त्याला गप्प केलं नाही. तो नुसता मान खाली घालून बसला. विठा उभीच होती.

मग महिपती बोलला. पुरतं मन वळलेलं नव्हतं, आवाजात अजून कुरकुर होती. "खनायचा तर खनू," तो म्हणाला, "पन कुठं? पुढं रस्ता. उगवतीला विहीर. हिकडं देवघराची भिंत. जागा कुठाय?"

 इस्पितळातून निघाल्यापासून परतीच्या वाटेवर विठानं काय बोलायचं ते शंभरदा घोकलं होतं, पण जागेपर्यंत ती पोहोचलीच नव्हती. बाळाजी अंगणाकडे बघू लागला.

गोदूआक्कांनी विळी बाजूला सारली. मांडीवरचे चिंचेचे तुकडे टोपलीत झटकले आणि गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या. परसातून, गोठ्याच्या कडेनं, पेंढ्याच्या उडवीमागं गेल्या. मागोमाग तिघंही गेली. उडवी आणि गोठ्याची मागची भिंत यांच्यामध्ये चारपाच हात मोकळी जागा होती. पस्तीस वर्षांत विठानं तिच्याकडे कधी धड पाहिलंही नव्हतं.

"हितं," गोदूआक्का म्हणाल्या. "विहिरीपासून चाळीस पावलं हाय, नि उताराला हाय. वारा घराकडं येत नाय. रस्त्यावरून दिसत नाय, वड्याकडून पन नाय. दार या अंगाला काढ, म्हंजे जाताना कोनाच्या नजरंत पडायला नको."

महिपती बहिणीकडे बघतच राहिला. त्यानं विचारलं, हे सगळं कधी बघून ठेवलंस?

"आय गेली त्या साली," गोदूआक्का म्हणाल्या.